शिहाबचे पैसे परत का गेले

बाबा,

रात्रभर दुसऱ्याच्या होडीवर राबून आलात, म्हणून उठवलं नाही. मी बँकेत जातेय. माशांचं कुसकुस गॅसवर झाकून ठेवलंय. वरून हरीसा घेऊ नका, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय.

सकाळी मार्सेहून शिहाबचा फोन आला होता. तुमच्या होडीच्या इंजिनासाठी त्याने ईदच्या आधीच पैसे पाठवले होते, पण ते त्याच्याकडे परत गेले. "ताई, बाबांनी माझे पैसे नाकारले ना?" म्हणाला आणि रडायलाच लागला. इकडे तुम्ही म्हणत बसलाय, "पोरगा फ्रान्सला गेला आणि बापाला विसरला!" दोघंही एकाच माळेचे मणी. तोंड उघडून एकमेकांना विचाराल तर शपथ!

मी बँकेत फोन करून विचारलं. आपली बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तेव्हा तिचा स्विफ्ट कोड बदलला. परदेशातून पैसे कुठल्या बँकेत जायचे ते त्या कोडवरून ठरतं. शिहाबने जुनाच कोड घातला, म्हणून पैसे माघारी फिरले. नवा कोड लिहून आणते आणि त्याला कळवते.

पण पैसे तुम्ही नाकारले नाहीत, हे मी त्याला सांगणार नाही. दुपारी त्याला जेवणाची सुट्टी असते, तेव्हा तुम्हीच फोन करा. मी सांगितलं तर त्याला वाटेल, ताई नेहमीसारखी समजूत घालतेय. तुमचा आवाज ऐकला की त्याला खरं वाटेल.

तुमची वसीला