हिरव्या खड्याचा तपास

९ नोव्हेंबर, रविवार

अंगठी आली! जेवणाच्या टेबलावर धाकटीने हात पसरला, मिठाच्या बरणीशेजारी. मला वाटलं पाचू.

"हिरा आहे, ताई. हिरवा. नैसर्गिक."

नैसर्गिक हा शब्द तिने अशा सुरात उच्चारला, जसं आमच्याकडे लोक 'शॉर्ट सर्किट' म्हणतात. म्हणजे स्वतः समोर बसून पाहिल्यासारखा. विमा कंपनीत आगीचे दावे तपासण्यात माझा जन्म गेला. एक गोष्ट शिकले, की आगीत जुनं सामान कधीच जळत नाही. जळतं ते सगळं गेल्याच आठवड्यात आणलेलं, भारीतलं आणि पावती नेमकी त्याच आगीत जळालेलं.

देणारा म्हणजे तिचाच पेशंट. धाकटी फिजिओथेरपिस्ट. हा गृहस्थ जन्मभर चाकावर वाकून हिऱ्यांना पैलू पाडत होता, मान कायमची आखडली, ती दाखवायला आला. मान सरळ झाली तसा सरळ घरात आला. मी त्याला मानमोड्या म्हणते. तिच्यासमोर नाही. डिसेंबरात नोंदणी करून लग्न. ती सेहेचाळीस, तो बावन्न. मला विचारलं नाही, कळवलं.

आनंद झाला म्हणाले. कुठेतरी पाणी मुरतंय.

१० नोव्हेंबर

हिरा आणि हिरवा? काळं दूध म्हटल्यासारखं वाटतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत सराफाच्या मोठ्या पेढीवर गेले, गिऱ्हाईक बनून. चांगली साडी नेसले होते, तरी विक्रेत्याने आधी माझ्या चपला बघितल्या. गळ्यात टाय, आवाजात साखर. हिरवे हिरे म्हणताच आवाज खाली आला, जणू आम्ही दोघं मिळून दरोडा घालणार.

त्याने दोन खडे दाखवले. पिवळ्या दिव्यांखाली दोन्ही छान. म्हटलं, जरा खिडकीशी नेऊन बघते. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याची मुलगीच पळवून नेतेय! पण नेले. उन्हात एक खडा चक्क राखाडी निघाला, शेवाळाचं पाणी. दुसरा हिरवाच राहिला. त्याची किंमत विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, असे खडे किंमत विचारून घेत नाहीत." मग काय, आडनाव विचारून घेतात?

एवढं मात्र कळलं. रंगीत हिरा दिवसाच्या उजेडात बघावा, दुकानाच्या नाही. माणसांनाही हे लागू आहे. मानमोड्या आजवर आमच्याकडे फक्त दिवे लागल्यावर आलाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खडे तपासणाऱ्या बाईंकडे जाऊन आले. ओळखीतून. त्यांची खोली म्हणजे दातांचा दवाखाना वाटावा: पांढरे दिवे, चिमटे, सूक्ष्मदर्शक, आणि सहसा वाईट बातमीच देणारा चेहरा. माणूस मला आवडला.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. जमिनीत हिऱ्याच्या शेजारी किरणं सोडणारे खडक असले, तर युगानुयुगं ती किरणं लागून हिरा हिरवा होतो. तोही बहुतेकदा नुसता वरवर, कातडीपुरता. सालीला हिरवा, आत साधा. म्हणून कारागीर पैलू पाडताना जीव मुठीत धरतो. जास्त घासलं की हिरवा गेला चाकाच्या धुळीत! काही जण कडेला ती मूळची खरखरीत साल थोडी ठेवतात.

मी विचारलं, ही किरणं माझ्या बहिणीच्या बोटाला लागतील का? हसल्या. म्हणाल्या, नैसर्गिक खड्यात आता काही उरलेलं नसतं.

मग मुद्द्याचं विचारलं. हाच रंग यंत्राने देता येतो का? येतो, सर्रास. मग दोन्हींतला फरक?

"कधी कधी सांगता येतो. बऱ्याचदा नाही येत. तसंच लिहून देतो आम्ही."

म्हणजे निसर्गाने जे युगानुयुगं खपून केलं, ते माणूस दुपारच्या चहापर्यंत उरकतो आणि तपासणाऱ्यालाही कळत नाही! खोटेपणासाठी इतकी सोयीची वस्तू मी आजवर पाहिली नाही. अख्ख्या दागिन्यांतून मानमोड्याने नेमकी हीच निवडली. योगायोग? आमच्या धंद्यात योगायोगाला दुसरं नाव आहे, ते इथे लिहीत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

त्याला दुपारी जेवायला बोलावलं. मुद्दाम दुपारी. उजेडात बघितला. केसांना रंग लावत नाही. एक गुण.

धाकटी आत पापड भाजत होती, तेवढ्यात मी सुरुवात केली. खडा कुठला? म्हणाला, कच्चा होता तेव्हा घेतला, चाकावर बसायचो तेव्हा. मीच कापला. बरीच वर्षं कोणाला दिला नाही. तपासणीचा दाखला आहे का? आहे म्हणाला आणि पाकिटातून काढूनच दिला! रंगाचा उगम — अनिर्णित.

आमच्या ऑफिसात हा शेरा पडला की दाव्याचे पैसे निघत नाहीत.

मी म्हटलं, मग नैसर्गिक कशावरून म्हणता? तो म्हणाला, "मी म्हणत नाही, ताई. मला वाटतं. कडेला साल ठेवलीय, भिंगातून बघा. पण विकायची वेळ आली असती तर मी नैसर्गिक म्हणून विकला नसता." माझ्याहून मोठा असून ताई म्हणतो.

प्रामाणिकपणा चांगला असतो. पण इतका तयार, पाकिटात घडी घालून ठेवलेला? दावेदार जेव्हा आपण होऊन कागद पुढे करतो, तेव्हा मी चष्मा पुसते.

निघताना एक गोष्ट बोलला. धाकटीला अंगठी सैल होते, पाठी दाबताना काढून ठेवावी लागते, हरवायची भीती. तो त्याच्या माणसाकडून लहान करून आणणार होता. मी म्हटलं, कशाला, आमचा सोनार आहे. तर म्हणाला, "चालेल. फक्त खडा आधी काढायला सांगा हं. ह्याला आच लावायची नाही. आच लागली तर रंग जाईल."

चोराच्या मनात चांदणं! इतर हिरे सोनार कोंदणात ठेवूनच डाख देतो, लहानपणापासून बघतेय. ह्याच्याच हिऱ्याला आच का नको? आणि 'त्याचा माणूस' म्हणे! संशयिताच्या हाती पुरावा परत द्यायचा?

धाकटीने पापड आणले. एका बाजूने करपलेले. पूर्वी कधी करपायचे नाहीत.

१९ नोव्हेंबर

मला एक नवरा होऊन गेला. त्याचाही दावा खोटा निघाला, पण तोपर्यंत हप्ते भरून झाले होते. धाकटीचं तसं होऊ देणार नाही. आई गेल्यापासून तिची फी, तिचे ताप, तिचा दवाखाना, सगळं मी बघितलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मी तिच्याही वाटचं फुंकते. हसू दे तिला.

टेबलाला चार खुर्च्या आहेत. डिसेंबरानंतर मी एकटी, मग उरलेल्या तीन कशाला ठेवायच्या, असा एक विचार आला. तो इथेच पुरे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सोनाराकडे गेले होते. लिहायचं नाहीये, तरी लिहितेय.

आमचा सोनार घरातला असल्यासारखा. तरी आई म्हणायची, सोनार सख्ख्या आईच्या दागिन्यातूनही कण काढतो, समोर बसून करून घ्यावं. ती स्टूल ओढून बसायची. मी पण तेच स्टूल ओढलं.

त्याने अंगठी उजेडात धरली. "वा. खडा काढून ठेवतो, उद्या संध्याकाळी न्या."

काढून ठेवतो! रात्रभर! हिरवा हिरा सोनाराच्या डबीत! सकाळी कोणता खडा परत बसेल, काय भरवसा? म्हटलं, नाही, खडा काढायचा नाही. माझ्यासमोर करा. तो म्हणाला, रंगीत आहे, मी आपला काढला असता. मी म्हटलं, हिरा आहे ना? मग हिऱ्याला काय होतंय? पांढरे ठेवताच ना तुम्ही?

"ठेवतो. बघा बुवा. तुम्ही म्हणता तर."

मी त्याला मानमोड्याचा निरोप सांगितला नाही. दोन कारणं होती. एक, खडा बदलला जाईल. दुसरं — असू दे, वही माझी आहे — मला आच लागलेली बघायचीच होती. कर नाही त्याला डर कशाला?

त्याने मागून कडी कापली, टोकं जुळवली, टाकणखार लावला, ज्योत सोडली. मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. मागची बाजू लाल झाली, मग पुढचीही. खड्यावर राखट साय आली. पाण्यात टाकली, चुर्र झालं. तेजाबातून काढली, ब्रशने घासली.

खडा तपकिरी.

काजळी असेल म्हणाला, परत घासला. कोरा चहा दिसतो ना काचेच्या पेल्यात, तसा. भिंगातून बघितलं, खाली ठेवलं, परत बघितलं. मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर झालं सगळं. एक क्षण नजर हलवली नव्हती मी. खडा तोच होता, फक्त तो नव्हता.

आधी तपासणीच्या बाईंकडे गेले. आता तरी कळेल ना, खरा की यंत्राचा? म्हणाल्या, आच लागली की दोन्ही असेच बदलतात. यातून काही सिद्ध होत नाही. पुन्हा हिरवा? यंत्राने करता येईल. तो मात्र मग नक्की खोटाच.

२३ नोव्हेंबर, रविवार

धाकटीला सांगितलं: सोनाराकडे काहीतरी झालं, त्यालाही कळेना. ती अंगठीकडे बघत होती, मग माझ्याकडे. "बसते मात्र छान आता," म्हणाली. बोटात घातली आणि दवाखान्याचे टॉवेल भिजवायला गेली.

रडली असती तर बरं झालं असतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मानमोड्या आला. मी तयारीत होते. तो म्हणणार, मी सांगितलं होतं तुमच्या ताईला. मग मी म्हणणार, कधी? कोणासमोर? साक्षीदार?

त्याने खिशातून भिंग काढलं. पार खिडकीपर्यंत गेला आणि मान वाकवून बराच वेळ बघत राहिला. मग मान वर केली. माझ्याकडेच बघितलं, पण जेवढं बघायचं तेवढंच. धाकटीकडे वळला.

"माझंच चुकलं. ह्या खड्याला आच चालत नाही, हे मी सांगायलाच विसरलो. तुलाही नाही सांगितलं, ताईंनाही नाही. सोनाराचा काही दोष नाही."

धाकटी म्हणाली, बरं. चहा केला. तिघांनी प्यायला.

मी त्याला खाली सोडायला गेले. कधी जात नाही. जिन्यात विचारलं, असं का बोललात? म्हणाला, "खडा आहे हो ताई. पुन्हा मिळणार नाही, खरंय. पण बहीणही पुन्हा मिळत नाही."

वर येईपर्यंत विचार करत होते, हा आता माझ्याकडून काय वसूल करणार.

२६ नोव्हेंबर

अजून शोधतेय. खोट सापडत नाही. सापडत नाही याचाच राग येतोय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एका बेकरीचा दावा एकही प्रश्न न विचारता पुढे पाठवला. साहेबांनी विचारलं, ताप आहे का?

ठरवलंय. रविवारी धाकटीला खरं काय ते सांगायचं आणि लग्नाला तिला कपाट घेऊन द्यायचं. टेबलाशी एक खुर्चीही त्याची ठरलेली असू दे. दिवे लागल्यावर आला तरी चालेल.

३० नोव्हेंबर, रविवार

धाकटीने लग्न मोडलं. मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगितलं, दवाखान्याच्या टॉवेलांच्या घड्या घालता घालता.

"आचेचं त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ताई. अंगठी बोटात घालतानाच. तुलाही सांगितलंच असेल, असं मी धरून चालले. आणि मंगळवारी माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, विसरलो. पापणीसुद्धा हलली नाही."

मी म्हटलं, अगं, माझ्यासाठी बोलला तो. मलाही सांगितलं होतं. आच मी लावली, मुद्दाम.

"ते मला तू अंगठी परत आणलीस त्याच दिवशी कळलं. तुझं खोटं लगेच कळतं. त्याचं, माहीत नसतं ना, तर मला कधीच कळलं नसतं."

मग मी त्याची बाजू मांडायला बसले. माणूस सरळ आहे, मनाचा मोठा आहे, असा शोधून सापडणार नाही. जन्मात पहिल्यांदा कोणाबद्दल एकही शंका न काढता बोलत होते. ती घडी घालायची थांबली आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली, की मी आता हे का म्हणतेय.