चावी माझ्या मुठीत होती

परळ, मंगळवार

प्रिय अनु,

फोनवर तू हल्ली ‘हं’ आणि ‘ठेवते’ एवढंच बोलतेस. त्यात तुझी चूक नाही. म्हणून लिहायला बसलो. पोलीस स्टेशनातून काल निरोप आला, तुझी गाडी पनवेलच्या पुढे सापडली. मागची काच फुटली आहे, स्टेपनी गायब आहे. कोर्टातून सोडवायला तुझी सही लागेल. सवडीनं ये, घाई नाही.

त्या रविवारी दुपारी तू शिवडीहून चालत घरी आलीस, ते डोळ्यांसमोरून हलत नाही. चपलेचा पट्टा तुटलेला होता. आईनं पाणी आणलं आणि मी विचारलं, “गाडी कुठाय?” तुला काही लागलं का, हे विचारायचं सुचलंच नाही मला. मग तू एकेक सांगितलंस. मागून बाइकचा हलकाच धक्का बसला, काय झालं ते बघायला तू उतरलीस आणि बाइकवरच्या दोघांतल्या एकानं चॉपर काढला. तू चावी दिलीस, मागे झालीस, समोरच्या लाकडाच्या वखारीत शिरलीस आणि तिथून पोलिसांना फोन लावलास. बाइकचा नंबरसुद्धा लक्षात ठेवलास. सुनसान रस्त्यावर उतरायला नको होतं, माणसं दिसतील तिथपर्यंत गाडी न्यायची, हे खरं. पण ते मीच तुला कधी शिकवलं नव्हतं. आरसा बघ, काचा वर घे, दारं लॉक कर, सिग्नलला पुढच्या गाडीची चाकं दिसतील एवढं अंतर ठेव, हे सगळं शिकवलं. गाडी सोडून द्यायची वेळ आली तर काय करायचं, त्यावर एक अक्षर बोललो नाही.

आणि वर अख्ख्या मजल्यासमोर ओरडून म्हणालो, तीस वर्षं टॅक्सी चालवली, माझ्या हातून कुणाला चावी घेता आली नाही. आठवड्यानं तू बॅग भरून तुझ्या मैत्रिणीकडे, मेघनाकडे ठाण्याला निघून गेलीस.

रघुकाका तुला आठवतो का? तू चार वर्षांची होतीस. आमच्या दोघांची एकच पद्मिनी टॅक्सी, दिवसा मी चालवायचो, संध्याकाळी तो. तुला मांडीवर घेऊन हॉर्न वाजवू द्यायचा. एका दुपारी दादरला दोन जण टॅक्सीत बसले, रे रोडच्या वखारीत जायचं म्हणाले. रघु पुढे माझ्या शेजारी होता, कारण तिकडूनच तो गाडी ताब्यात घेणार होता. गोदामांच्या मागच्या गल्लीत गाडी थांबवायला लावली आणि मागच्यानं रघुच्या बरगडीला सुरा लावला. चावी मागितली. पुढचं तू ऐकत आलीस ते असं, की रघुनं त्याचा हात धरला, झटापट झाली आणि मी हॉर्न वाजवून माणसं जमवली. ते दोघे पळाले, टॅक्सी वाचली. रघुला सुरा लागला होता, तिसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात वारला. युनियननं मला शाल-श्रीफळ दिलं. तो फोटो तू लहानपणापासून आपल्या भिंतीवर बघितलास.

अनु, रघुनं कुणाचाही हात धरला नव्हता. तो गप्प बसून होता, घामानं भिजलेला. मला एवढंच म्हणाला, “दादा, देऊन टाक. गाडी गेली तर गेली.” चावी माझ्या मुठीत होती. ती मी सोडली नाही. त्या क्षणी मला रघु दिसलाच नाही, फक्त गाडी दिसत होती. मी हॉर्नवर हात दाबला आणि त्यांनी सुरा चालवला.

पोलिसांना जबाब देताना झटापट झाली असं तोंडातून निघून गेलं. मग तेच खरं होऊन बसलं. रघुच्या बायकोलाही, शेवंतीलाही, मी तेच सांगितलं. माझा माणूस घाबरला नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिनं पोरं वाढवली.

परवा ती आली होती. वरळीला बीडीडी चाळीच्या नव्या इमारतीत घर मिळालं म्हणून पेढे घेऊन. तुझं कुठूनतरी कळलं होतं तिला. तुझ्याबद्दल म्हणाली, “चेडवान चावी दिल्यान, बरा झाला. आमचे हे हट्टी.” आई चहा ठेवत होती. मी पेढा हातात धरून तसाच बसलो. तो हट्टी नव्हता, एवढंसुद्धा मला म्हणवलं नाही.

ती गेल्यावर मी तो फोटो उतरवला आणि आईला सगळं सांगितलं. ती हातातलं काम टाकून समोर येऊन बसली. मग म्हणाली, शेवंतीला सांगा, आणि आधी अनुला. हे पत्र तुला मिळालं की येत्या रविवारी सकाळी मी वरळीला जाणार आहे. शेवंती मला घरात घेईल की नाही, तिचा मुलगा धनेश काय म्हणेल, मला ठाऊक नाही. त्यांनी काहीही म्हटलं तरी ते ऐकून घ्यायचं, एवढं ठरवलंय. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर येऊ नये. तू चावी दिलीस ते बरोबर केलंस. हे मला तू दारात उभी होतीस तेव्हाच कळत होतं. म्हणूनच तुझ्यावर ओरडलो.

तुझाच,
बाबा