कौसल्याबाईंचा ईसीजी

फुलचूर, मंगळवार संध्याकाळ

सडक अर्जुनीच्या कौसल्याबाई छातीत धडधडते म्हणून आज पुन्हा ईसीजीला आल्या. एकट्याच राहतात. मनगटावर मुलाने पुण्याहून पाठवलेले घड्याळ. ते ठोके मोजते. फोन करण्यापेक्षा घड्याळ पाठवणे सोपे पडत असावे. डॉक्टरांनी मागच्या वेळी चिठ्ठीवर लिहिले होते, ‘लोकांत मिसळा’. जणू लोक मेडिकलमध्ये मिळतात!

मी तारा लावत असताना त्या बोलतच होत्या.

“आजी, बोलू नका. रेषा हलते.”

“घरी भिंतीसंग बोलून राहिली मी. येथीबी नाही, तं बोलाले कुठी जाऊ व बाई?”

रेषा स्वच्छ आली. नेहमीसारखीच.

त्या घड्याळाला मी इथे वहीत नावे ठेवते आहे खरी. पण तारा काढल्या आणि मीसुद्धा पुढच्या पेशंटला हाक मारली.