खमिराचा गोळा

३ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच! ह्यांचं ताट जसंच्या तसं परत. नानचा तुकडा मोडला, तोंडात घोळवला आणि रुमालात काढून ठेवला. "कापूस आहे," म्हणाले. नानवाईकडचा गरमागरम नान — आणि म्हणे कापूस! मग भिंतीकडे तोंड करून, "अगं, एकदा खमिराचा नान भाज ना."

डॉक्टरीणबाई म्हणते, आता मागतील ते द्या. तिच्या त्या 'आता'वर मी दिवसभर चिडले आहे.

४ नोव्हेंबर

खमीर आणू कुठून? आमच्या या गल्लीत पूर्वी पहाटे कुणाचं ना कुणाचं दार वाजायचंच. "खमीर आहे का हो?" ज्या घरी काल नान भाजले, त्या घरी पिठाचा आंबलेला गोळा राखून ठेवलेला असायचा. वाटीत घालायचा, वर दुसरी वाटी पालथी घालून न्यायचा. भांडण असो, अबोला असो, खमिराला नाही म्हणायचं नाही. मग यीस्टच्या पुड्या आल्या. मग कोपऱ्यावर नानवाई आला. घरोघरचे तंदूर गार पडले. आमच्या तंदुरात तर मी कांदे साठवते.

तसं काय काय गेलं! भिंतीवरचा तो एकच केंद्र लागणारा रेडिओ. मर्गिलानच्या बाजारातलं सोड्याचं यंत्र — त्याचा एकच काचेचा पेला, अख्खं गाव त्यातून प्यायचं, धुवायचं आणि जागेवर ठेवायचं. रेडिओचं मला काही वाटत नाही, कटकट होती. पण खमीर कधी संपलं तेच कळलं नाही. शेवटचा गोळा कुणी कुणाला दिला असेल?

सूनबाई शाहलो म्हणते, "आई, मोबाईलवर कृती आहे. पीठ-पाणी कालवून आठवडाभर ठेवायचं." आठवडाभर! शाहलोला आता काय सांगू?

५ नोव्हेंबर

शाहलोनेच बातमी आणली. सालोमतकडे अजून खमीर आहे. समोरची सालोमत! तिच्या अंगणातला धूर मी इतकी वर्षं बघते, पण कशाचा म्हणून कधी विचारलं नाही. विचारणार कशी? तिच्या मुलाचं आणि आमच्या लेकीचं, दिलदोराचं, लग्न ठरता ठरता मोडलं, तेव्हापासून बोलणं बंद. चूक कुणाची? तिची. निदान इथे लिहिताना तरी तिचीच.

६ नोव्हेंबर

गेले! गल्लीत कुणी बघू नये म्हणून दिवे लागल्यावर गेले. डोईचा रुमाल पुढे ओढलेला, वाटी शालीखाली. दार तिनेच उघडलं. केस सगळे पांढरे झालेत तिचे. म्हटलं, "थोडं खमीर हवं होतं." तिने वाटीकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं.

"आत्ता नाही. सकाळी ये."

आणि दार लावलं! भिकाऱ्याला सांगतात तसं — सकाळी ये! मेले तरी जाणार नाही.

७ नोव्हेंबर

गेले नाही.

९ नोव्हेंबर

समोरचं दार सकाळपासून सताड उघडं. कालही होतं. काय दाखवायचंय तिला? अंगण झाडलंय ते? आम्हीही झाडतो!

ह्यांच्या पोटात दोन चमचे रस्सा गेला. बास. मनगटं बघवत नाहीत.

११ नोव्हेंबर

शेवटी सांगून टाकलं ह्यांना. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गेली होतीस कधी?"

"दिवे लागल्यावर."

असे हसले, असे हसले की खोकल्याची उबळ आली. पाठ चोळली तरी हसतायत! "अगं शहाणे, दिवे लागल्यावर खमीर देतं का कुणी? माझी आई असती तर पुन्हा माहेरी धाडलं असतं तुला."

माझा हात तसाच राहिला. सूर्य मावळल्यावर खमीर उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, घराची बरकत जाते. ठाऊक नव्हतं का मला? नवी सून होते तेव्हा मी स्वतः बायकांना दारातून परत पाठवलंय. "सकाळी ये" — हेच शब्द! मागणारंच कुणी उरलं नाही, तर रीत ध्यानात कशी राहणार? आणि मी इतके दिवस फुगून बसले. इकडे ह्यांना घास जात नाही आणि मी मानापमान धरून बसले!

"उद्या जा," म्हणाले. "आणि आधी तंदुरातले कांदे काढ."

१२ नोव्हेंबर

उजाडताच गेले. सालोमत पायरीवरच बसली होती.

"आलीस? मला वाटलं विसरलीस, नाहीतर रुसलीस."

"दोन्ही."

"रुसण्यात तुझा हात कोण धरणार, मुहय्यो! रोज दार उघडं टाकून बसतेय. त्या रात्री 'ये आत' अगदी ओठांवर आलं होतं गं. पण खमीर मागायला कित्येक वर्षांत कुणी आलं नव्हतं. तू आलीस, तीही भलत्या वेळी. घाबरलेच मी. काही अशुभ नको म्हणून दार लावलं."

वाटी काठोकाठ भरून दिली. चहा पाजला. दिलदोराची मुलं केवढी झाली, विचारलं. मी सांगत बसले आणि मग एकदम उठले, पीठ मळायचं होतं.

तंदुराला मोठी भेग निघाली. मी आणि शाहलोने माती लिंपून बुजवली. संध्याकाळी पीठ मळून परातीवर ह्यांचा कापूस भरलेला जाड अंगरखा घातला.

"माझी ऊब पिठाला देतेस होय?"

"रात्रभर त्याला हवी. सकाळी तुम्हाला नान."

"बरं, घे तर."

रात्री तीनदा विचारलं, फुगलं का. माझी तर झोपच उडाली आहे. अशी हौस कितीक वर्षांत वाटली नव्हती.

१३ नोव्हेंबर

हे पहाटे गेले.

पीठ फुगून परातीबाहेर आलं होतं. आता तीन दिवस आमच्या घरात विस्तव पेटवायचा नाही. सालोमत आली, गळ्यात पडून रडली, मग परात उचलून तिच्या घरी घेऊन गेली.

मयतीला आलेल्यांना तेच नान वाढले. जो तो म्हणत होता — किती वर्षांनी ही चव!