तिसऱ्या अंकातलं रडणं

घुग्घुस,
९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
दिव्यानीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मधेच संवाद ऐकवायला लागता, म्हणून पत्र. इथे धूळ सोडली तर सगळं ठीक.

तुमच्या नव्या नाटकाचा तिसरा अंक वाचला. लेकीची पाठवणी होते, आई धाडकन पडते आणि बाप मिशीला पीळ देत उभा. बाबा, माझ्या लग्नात मांडवाचा खांब धरून कोण रडत होतं? आई तर आचाऱ्याजवळ वरण पुरेल का ते बघत होती. तुमच्या प्रत्येक नाटकात आया रडतात, म्हणून आपली आई रडली नाही तर गाव तिला दगड म्हणतं. परवा इथे नणंदेनं हळूच विचारलं, तुझी आई सावत्र आहे काय. मी हसले, पण लागलं. अंक बदला.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची दिव्यानी

वडसा,
२५ नोव्हेंबर

चि. दिव्यानीस अ. उ. आ.

तुझं पत्र आईनं भर तालमीत मोठ्यानं वाचलं. ‘सावत्र’पाशी चष्मा पुसला, पुढं वाचलं. त्याच रात्री अंक बदलला. आता आई पंगत सांभाळते अन् बाप रडतो.

बापाचं काम करणारा मिथुन अडला. म्हणे, भाऊ, मी वाघासंग लढतो, गोळ्या खातो, पण रडणार नाई. मंग मले हिरो म्हणून कोण घेईल? गेला निघून. आईचं काम करणारी रंजीता मात्र खूश. म्हणते, नाटकाचे सात सिझन रडून गळा बसला, आता मले वरण वाढू द्या. बाप मीच करतो. रडणं मला जमतंच.

जावईबापूंना आशीर्वाद. आमच्यावर नजर अशीच राहू दे.
तुझा बाबा, लटारू

वडसा,
१६ डिसेंबर

चि. दिव्यानीले आईचे आशीर्वाद.

बाबा लिहाले लाजून राह्यले, म्हणून मी लिहितो. जावई निकेशरावाची कामाची पाळी बदलली नाई अन् तुमचं नाटकाले येणं राह्यलं, पण मोठी मजा हुकली तुमची.

पाठवणी आली अन् तुह्या बाबाच्या डोळ्यात टिपूस नाई. सारं गाव समोर पाहून उभे राह्यले लाकडासारखे. रंजीतानं दोनदा इशारा केला. शेवटी मीच पुढच्या रांगेतून उठून म्हटलं, घरी तर रडता, इथी काऊन नाई रडत? लोक पोट धरून हसले. तेही हसले, अन् हसता हसता जे रडाले लागले ते थांबतच नाई. पेटीवाल्यानं तेच गाणं तीनदा वाजवलं. गडीमाणसं थंडी लागते म्हणून मफलर डोळ्यावर ओढून बसले.

मी तुह्या लग्नात रडली असती तर ह्या माणसाले कोण सांभाळलं असतं? मले दगड म्हणणारी बुधरी नाटक सुटल्यावर जवळ आली. म्हणे, बाई, माह्या लेकीच्या वेळी मीबी ताटंच मोजत होती.

मिथुन काल परत आला. रडतो म्हणते, फक्त जास्त रडू द्या.

आता बाबा नवीन नाटकात सासू चांगली दाखवतो म्हणतात. तुह्या सासूबाईले चालन का, इचारून कळव.

जीव लावतेस तसाच लाव.
तुही आई, शकुबाई