मोकळा हात

मिराबूल, १ सप्टेंबर २०१४

चि. हार्वे यास क्लेमदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद धरला. आमचा इवान काल घरी आला. इस्पितळात तू त्याच्यासाठी केक घेऊन गेलास, तासभर बसलास, हे त्याच्या आईने सांगितलं. बरं वाटलं. टॅरोविंग क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून हार्वे भावाला विसरला, असं मी टायरच्या दुकानात येईल त्याला सांगत असतो. आता बंद करतो.

पोराला अजून उजेड सोसत नाही. फुटबॉलची मॅच सोड, त्या सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही. मला मात्र सगळं दिसलं, गाडी मैदानाच्या कुंपणालाच लावली होती. तुमच्या ब्रोडीने मागून त्याचे दोन्ही हात आवळले, गरकन फिरवला आणि डोक्यावर आपटला. एक हात जरी सुटा असता, तरी पोराने तो जमिनीला टेकवला असता.

बुधवारी लीगची चौकशी आहे. ब्रोडी तुमचा हुकमी गडी. तो फायनलला नसला तर तुला झोंबणार. पण नियम तो नियम, दोन्ही हात आवळून आपटला की बंदी. लगेच दुसरा मार बसला तर पोरगं उठणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. आठवण परत येईपर्यंत मैदान बंद.

तुझ्या मार्गीस आशीर्वाद. मॅचपुरतं भांडू, एरवी माया असू दे.

तुझा, क्लेमदादा


टॅरोविंग, ५ सप्टेंबर

ती. दादास हार्वेचा सा. न. वि. वि.

ब्रोडी सुटला, हे कळलंच असेल. आणि सोडवला कुणी? आपल्या इवानने! फोनवरून पंचांना म्हणाला, डावा हात मोकळा होता, तोल माझाच गेला. पुढे कुणी काय बोलणार? मैदानातलं मैदानातच ठेवणारा पोरगा, आपल्या म्हाताऱ्याचं रक्त. इथल्या मैदानाभोवतीची प्रत्येक गाडी त्याच्यासाठी हॉर्न वाजवेल.

मी काही पढवलं नाही हो. तुझा संशयी स्वभाव, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ब्रोडी बिअरचं खोकं पाठवतोय.

वहिनींना नमस्कार. धाकट्यावर कृपा असू द्यावी.

आपला, हार्वे


मिराबूल, १० सप्टेंबर

हार्वे,

टायर विकता विकता मी एक शिकलो. आठवलेली गोष्ट माणूस दर वेळी जरा वेगळी सांगतो. इवान भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतो, डावा हात मोकळा होता, तोल माझाच गेला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याची आई म्हणते, ती चहा घेऊन आली तेव्हा तू त्याचा डावा हात धरून बसला होतास. तिला वाटलं, माया.

काल पोराला सरळ विचारलं, तुला हे कुणी सांगितलं? तो हसला. म्हणाला, "काकांनी स्वतः पाहिलं, बाबा. काका कशाला खोटं बोलतील?"

फायनलसाठी माझ्याशी हवं तसं भांडला असतास, तर मीच तुला बिअर पाजली असती. तू पोराचं रिकामं डोकं पाहिलंस आणि त्यात आपलं सामान ठेवून आलास.

आता ऐक. तो म्हणतो, सगळं स्पष्ट आठवतंय. हात कसा हलवला ते करूनही दाखवतो. आज डॉक्टरांपुढेही त्याने तेच केलं. आठवण परत आली म्हणून ते खूश झाले, त्यांनी खेळायला परवानगी दिली. रविवारच्या मॅचमध्ये आमचेही जिंकून फायनलला आलेत. शनिवारी इवान मैदानात असेल आणि समोर ब्रोडी.

मी ओरडून सांगितलं, दोन्ही हात आवळलेले होते. तो म्हणतो, बाबा, तुम्ही लांब होतात.

शुक्रवारी रात्रीपर्यंत ये. त्याच्यासमोर आणि डॉक्टरांसमोर सांग की काका खोटं बोलला. तुझ्याखेरीज कुणाचं तो ऐकणार नाही.

लोभाचं त्यानंतर बघू.

क्लेम