दिपाची रेस आणि आतल्या बाजूचे टाके

१२ ऑगस्ट, मंगळवार
आजपासून काळजी बंद.
मी सांगणार, आमचे हे लिहिणार. मला अक्षर येत न्हाई, आन यायला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अक्षराशिवाय दुसरं काही येत न्हाई. एकतीस वर्षं एसटी चालवली, रिटायर झाले, आता घरात हॉर्न न वाजवता फिरतात. ही ओळ हे काटून राहिले होते. म्हणलं, काटायचं न्हाई, सांगितलं तसं लिहा.
कारण झालं दिपाचा फोन. नात माझी, एकोणीस वर्षांची, रेसची गाडी चालवते. सप्टेंबरच्या शेवटी कोइमतूरला रेस आहे. टीमनं तिला एकच चान्स दिला. पहिल्या पाचांत आली तर पुढच्या वर्षी गाडी तिची. न्हाई तर बॅग उचलून घरी.
आमचा पोरगा सोमेश्वर, दिपाचा बाप, इथंच कनेरगाव नाक्यावर गॅरेज चालवतो. पार्ट आणायला हैदराबादला गेला तेव्हा आठ वर्षांच्या पोरीला सोबत नेली. तिथं कार्टिंगचा ट्रॅक होता. कार्ट म्हणजे परातीला चार चाकं लावावीत एवढी गाडी, बूड जमिनीला घासतं. पोरगी बसली ती उतरेच ना. मग पुणं, मग बेंगळुरू, मग कप, मग पेपरात फोटो. आता मोठी गाडी. तिलाही सीट एकच. कंडक्टरला जागा न्हाई, हे यायला अजून पटत न्हाई.
ठरलं ते असं. काळजी न्हाई. फोन दिवसातून एकदा. सूनबाईशी या विषयावर वाद न्हाई. पोरीच्या पाठीशी या घरात कोण उभं आहे, तर मी.

१३ ऑगस्ट
फोन चार. पण पहिला तिनं उचललाच न्हाई, तो धरायचा न्हाई. दुसऱ्यात जेवली का विचारलं, ती चौकशी झाली, काळजी न्हाई. तिसरा कट झाला म्हणून चौथा. म्हणजे एकच.

२१ ऑगस्ट, गुरुवार
शेजारची मोतीबाई विचारती, जनकाबाई, नात काय करती म्हणे? म्हणलं, ड्रायव्हर आहे. म्हणे, काळीपिवळी का ॲपे? म्हणलं, शर्यतीची गाडी. म्हणे, एवढ्या घाईनं जायचं कुठं असतं तिला? म्हणलं, कुठंच न्हाई, गोल फिरून परत तिथंच यायचं. मग फिरती काहून, म्हणे.
मला भाजी निवडायची होती, आत आले. 

३१ ऑगस्ट, रविवार
साधनानं वाशिमचं स्थळ काढलं. पोरगा बँकेत, दोन मजली घर. साधना माझी सून, दिपाची आई. दिवसभर मशीनवर गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवती, आन पायाखाली पायडल हाणत तोंडानं एकच बोलती की पोरीनं आता घरी यावं. मी तिला स्वच्छ सांगितलं, साधना, पोरीच्या आड यायचं न्हाई.
स्थळवाल्यांचा फोन मी घेतला. नोव्हेंबरात या, म्हणलं. ते आपलं माणुसकी म्हणून. पोरगा उंच आहे का तेवढं विचारलं.

७ सप्टेंबर
मागच्या साली दिपाची गाडी चेन्नईला भिताडाला धडकली, मनगट मोडलं. त्याचा व्हिडिओ सोमेश्वरच्या मोबाईलात आहे. मी तो बघणार न्हाई असं तेव्हाच ठरवलं होतं. आज बघितला. एकदा नीट दिसला न्हाई म्हणून पुन्हा. हे म्हणतात अकरा वेळा बघितला. मोजायला काय, रिटायर माणूस.
त्यात एक जागा आहे. गाडी थांबती, धूर निघतो, आन पोरगी बाहेर येत न्हाई. मोतीबाईचं पीठ मळून होईल एवढा वेळ येत न्हाई. मग येती.
झोप चांगली लागली. पहाटे पहाटे लागली.

१६ सप्टेंबर, मंगळवार
दिपा आली तीन दिवसांसाठी. वाळली. मनगट चोळत होती, थंडीत दुखतं म्हणाली, आन आता थंडी कुठं आहे?
रेसचा सूट दाखवायला आणला. मोठ्या हौसेनं घालून दाखवला. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच कपडा, आतून तीन पदरी. म्हणलं, आगं, ही तर गोधडीच झाली, एवढ्या गरमीत काहून घालायची? म्हणाली, आजी, हा जळत न्हाई. दहा-बारा सेकंद आगीत राहिलं तरी अंगापर्यंत जात न्हाई.
मी म्हणलं, छान.
मग म्हणलं, अंगापर्यंत जाती ती अकराव्या सेकंदाला का बाराव्या?
ती हसली. सोमेश्वर पण हसला. साधना मशीनवरून उठून आत गेली. इतकी वर्षं झाली, गाडी पेटती हे मला कोणीच सांगितलं न्हवतं. भिताड सांगितलं होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार
यायला घेऊन औंढ्याला गेले. दिपाला म्हणलं, पाय मोकळे करून येतो. नागनाथाच्या पायाशी नारळ ठेवला, अंगारा घेतला. हिंगोलीहून परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, हा शकुनच.
दिपा बापासोबत गॅरेजवर होती. साधना बाजारात. मी लाल फडक्याची बोटाएवढी पुडी केली, अंगारा भरला, सूट उलटा केला आन पाठीवर मानेच्या खाली आतून शिवून टाकली. तीन पदरांतून सुई जाता जाईना. गोधडीची सुई, दुहेरी दोरा, पक्का टाका. शेवटी कोपऱ्यात चार टाक्यांचं फूल. माझ्या हातानं काही शिवलं आन फूल घातलं न्हाई असं आजवर झालं न्हाई.
हे म्हणाले, पोरीला विचारावं. म्हणलं, तुमच्या एसटीला लिंबू बांधलं तेव्हा एसटीला विचारलं होतं का? एकतीस वर्षांत दोन म्हशी सोडल्या तर काही झालं न्हाई.  बराबर होतं माझं.
साधनाला सांगायचं न्हाई. ती अडाण्यासारखी घाबरती.

१९ सप्टेंबर
दिपा गेली. बॅग मीच रिक्षात ठेवली. मन एकदम हलकं. आता पहिल्या पाचांत काय, पहिलीच.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. माझा उपास, फक्त फळं. सांजच्याला शाबूदाणा, तो फळातच धरायचा. फोन एकच केला. बाकी साताला ती बिझी होती.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
सोमेश्वर गॅरेजवरून भरदुपारी घरी आला. चप्पल काढली न्हाई. दिपाचा फोन आला होता त्याला.
रेसच्या आधी तिथले साहेबलोक गाडी तपासतात, तसे कपडेही तपासतात, हेल्मेटपासून मोज्यापर्यंत. एकानं सुटाच्या आत हात घातला. पुडी लागली. त्याला पुडीचं काही न्हवतं. पण साधा दोरा तीन पदरांतून आरपार गेलेला. साधा दोरा जळतो, म्हणे, आन तिथून आग आत शिरती. सूट बाद.
दुसरा सूट न्हाई. टीमचे सगळे बाप्ये, धिप्पाड. आपलं पोरगं चार फूट अकरा इंच. दुसऱ्या टीमच्या एका पोरीनं सूट उसना दिला तोवर नंबर लावायची फेरी होऊन गेली. आता उद्या सगळ्यांच्या मागून निघायचं. अठरा गाड्यांत अठरावी.
साहेबांनी विचारलं, कोणी शिवलं? दिपा म्हणाली, मीच.
मी पाणी प्यायले.

२७ सप्टेंबर, शनिवार
मोबाईल खिडकीत उभा केला. सोमेश्वर, साधना, हे, मी, आन न बोलावता मोतीबाई. गाड्या मुंग्यांसारख्या. सोमेश्वर ओरडायचा, पंधरावी, बारावी! साधनानं डोळ्यांवर पदर धरला होता, आन पदरातून विचारून राहिली होती, कितवी? मोतीबाई म्हणे, ती पुढची गाडी बाजूला काहून होत न्हाई, हॉर्न न्हाई का हिला?
नववी आली.
अठरावरून नववी! नऊ गाड्या मागं टाकल्या. अंगाऱ्याचा गुण. हे म्हणाले, सूट अंगात होता कुठं? म्हणलं, बॅगेत होता ना, तिथंच.
टीमला पाचवी पाहिजे होती.

२८ सप्टेंबर
दिपाचा फोन आला. टीमनं थँक्यू म्हणलं. गाडी केरळच्या एका पोराला दिली.
बापानं विचारलं, खरं सांग, शिवलं कोणी? म्हणाली, मला काय माहीत, बाबा. फोन ठेवला.
मग सोमेश्वर मशीनकडं बघून राहिला. साधनाला म्हणाला, झालं समाधान? आता दे वाशिमला. ती ब्लाऊजला हूक लावत होती, लावत राहिली.
मी सांगणारच होते. पण जेवणं व्हायची होती. उपाशीपोटी माणसाला असं सांगू नये.

२९ सप्टेंबर
जेवणं झाली. पण सोमेश्वर लगेच गॅरेजवर गेला.

३० सप्टेंबर
हे म्हणतात, मी आता लिहीत न्हाई, आधी पोराला सांग. म्हणलं, लिहा की मी उद्या सांगते. लिहिलं. कालच्या तारखेलाही हेच सांगितलं होतं, ते यायनं मुद्दाम गाळलं.

२ ऑक्टोबर, दसरा
गॅरेजमधले पाने, जॅक सगळं धुऊन पुसून पूजेला मांडलं. दर साली हळदीकुंकू साधना वाहती. औंदा सोमेश्वरनं स्वतः वाहिलं. तिच्याशी बोलत न्हाई, पाच दिवस झाले. भाजीत मीठ कमी असलं तर मला सांगतो, मी तिला सांगते.
सांजच्याला साधनानं मला सोनं दिलं, वाकून पाया पडली. आपट्याची पानं हातातून खाली पडली. वय झालं.
तिला ही गोष्ट फार लागली असंल असं मला वाटत न्हाई. आधीपासूनच कमी बोलती.

५ ऑक्टोबर, रविवार
पक्कं ठरलं. दिपा परवा येती. सगळ्यांना बसवून एकदाच सांगायचं. भाषण तयार केलं. आधी नागनाथ, मग यायचं लिंबू, मग माझं वय, शेवटी टाका. यायला म्हणून दाखवलं. म्हणाले, टाका शेवटी येईस्तोवर सगळे झोपतील.
सांगितल्यावर सोमेश्वर मोठ्यानं ओरडंल. साधना रडंल. दिपा काय करंल त्याचा अंदाज येत न्हाई. म्हणून पुरणपोळी करायची.

७ ऑक्टोबर, मंगळवार
दिपा आली. हसली, पाया पडली, दोन पोळ्या खाल्ल्या.
मी सगळ्यांना बसवलं. नागनाथापासून सुरू केलं. लिंबापर्यंत आले आन सोमेश्वरकडं बघितलं तर पुढचं सगळं विसरायला झालं. म्हणलं, मीच शिवलं रे.

मग दिपा म्हणाली, आजी, तिथं त्या साहेबानं सूट उलटा करून माझ्यापुढं धरला, तर कोपऱ्यात चार टाक्यांचं फूल. मी जन्मल्यापासून त्या फुलाखाली झोपते.
म्हणलं, मग बापाला सांगितलं काहून न्हाई? म्हणाली, तू सांगशील म्हणून.
साधनाला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. दिपानं फोटो तिला पाठवला होता. म्हणाली, आत्याबाई, मशीनचा टाका न्हवता तो, हातचा होता. म्हणलं, आगं, मग नवऱ्याला बोलायचं होतं ना! म्हणाली, तुमी बोलाल म्हणून थांबले.
सोमेश्वर ओरडला न्हाई. उठला, साधनासमोर जाऊन उभा राहिला, काही तरी म्हणायला तोंड उघडलं आन पोळी वाढ म्हणाला. तिनं वाढली. तूप न्हाई वाढलं.
एकूण ठीक झालं. माझं भाषण पुरं झालं असतं तर आणखी ठीक झालं असतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
दिपा उद्या पुण्याला जाती. तिथं कार्टिंगच्या ट्रॅकवर लहान लेकरांना शिकवायचं काम मिळालं. टीमचं काय, विचारलं. म्हणाली, बघू, सगळ्यांना मेल केलेत. वाशिमवाल्यांना तिनं स्वतः फोन करून न्हाई म्हणून सांगितलं. पोरगा उंच होता.
सांजच्याला माझ्याजवळ येऊन बसली. मनगट चोळून राहिली होती. मी तेल लावून दिलं. म्हणाली, आजी, रागावले न्हाई, एकच सांग. ती पुडी शिवताना तू देवाला काय मागितलंस? मी जिंकावं का मी घरी यावं?
मी म्हणलं, थांब, दूध उतू चाललंय, आन उठले.
स्वयंपाकघरात आले. दूध फ्रिजमध्ये होतं.